परवा नाही

बेडोक, सिंगापूर
रविवार, २८ जुलै १९९६

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत आणि तू तिकडे ठीक असशील असं धरून चालतो. 'तिकडे' म्हणजे नेमकं कुठे हे मला ठाऊक नाही, म्हणून या पत्राच्या तीन प्रती हाताने लिहिणार आहे. एक मलेशियात केर्तेला तुझ्या जुन्या ऑफिसात रोस्नाहबाईंकडे, एक बिंतुलूच्या बंदरात तुझ्या नावाने आणि एक मुंबईला शैलेंद्रकडे. बापाजवळ नसलेला पत्ता मित्राजवळ असतो, हे आता मला कळलंय. दोन प्रती एकदम हाती आल्या तर म्हातारा चळला असं समज आणि एकच वाच.

ऋता पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला गेली. उंचीने आईच्या वर गेलीय आणि तिचं मराठी घोट्यापर्यंत उतरलंय. मागच्या आठवड्यात आईला म्हणाली, "आई, माझा केस कापायचा आहे." आईने विचारलं, "एकच?" तर तिला विनोदच कळला नाही. आपल्या ब्लॉकची लिफ्ट अजूनही आपल्या मजल्यावर थांबत नाही, खालच्या मजल्यावर उतरून एक जिना चढावा लागतोच. आई आता त्या पायऱ्या मोजून चढते. सोळा आहेत. इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं.

आईची तब्येत तशी बरी आहे. डोळ्यांची थोडी तक्रार आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

जूनमध्ये आम्ही दोघं फिरून आलो. तुला कोह आठवत असेल. जहाजांच्या यार्डात रंगकामाची कंत्राटं घ्यायचा, तू लहान असताना तुला क्रेनच्या केबिनमध्ये बसवून आईचा जीव टांगणीला लावला होता तोच. तो आता निवृत्त होऊन जोहोरला राहतो. त्याने ऑस्ट्रेलियातून एक कॅम्परव्हॅन आणलीय आणि ओळखीच्या लोकांना तो ती भाड्याने देतो. पांढरी, लांबट गाडी. आत ओटा, सिंक, गॅस, दोघांपुरता पलंग आणि मागे कपाटाएवढा संडास. आईने आत पाय ठेवला, सगळीकडे हात फिरवला आणि म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच." मी म्हटलं, नांगीसकट. तर म्हणाली, "नांगी तुम्ही घरूनच आणलीत."

हॉटेलात का उतरलो नाही, असं तुझ्या मनात येईल. कारण सांगतो. अनोळखी खोलीत आई हल्ली आपटते. दाराची कड, टीपॉय, पलंगाचा कोपरा. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. गाडीत सगळं हाताच्या अंतरावर. अर्ध्या दिवसात तिने नळ, गॅस, चहाचा डबा सगळं हाताला पाठ केलं आणि मेर्सिंगपर्यंत पोचेस्तोवर माझ्यापेक्षा भराभर वावरायला लागली. मीच दोनदा डोकं आपटलं.

डोळ्यांचं आता लिहूनच टाकतो. गेल्या वर्षी तिला कडेने धूसर दिसायला लागलं. आम्ही दोघांनी घरीच निदान केलं, मोतीबिंदू. तिच्या आईचा मोतीबिंदू चांगला पिकल्यावर काढला होता, म्हणून हाही पिकू द्यायचा ठरलं. आठ-नऊ महिने आम्ही तो पिकायची वाट बघितली. फेब्रुवारीत बाजारातून येताना बाजूने आलेली सायकल तिला दिसली नाही, मनगट मुरगळलं, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. तो मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू. तो पिकत नाही. आतली नस सुकत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. एप्रिलमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दाब उतरला आणि पुन्हा चढला. दिवसातून तीनदा थेंब घालतो, ते मीच घालतो. तुला कळवलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की जे बघायचंय ते यंदाच बघून घ्या. आईला विचारलं काय बघायचंय. मला वाटलं काश्मीर म्हणेल, नाहीतर चिपळूणचं घर. ती म्हणाली, "मंदार कुठे राहतो ते बघायचंय. आणि त्याला."

म्हणून शनिवारी, ८ जूनला दुपारी आम्ही केर्तेला होतो.

तुझं गाव आम्ही पाहिलं, मंदार. एका अंगाला समुद्र, नारळ, खांबांवरची घरं, रस्त्यात बसलेल्या शेळ्या. दुसऱ्या अंगाला कुंपण आणि कुंपणाआड मैलभर चंदेरी पाइप. मध्ये एकच रस्ता. पेट्रोलपंप, दोन-चार खाणावळी, माशाच्या पिठाचे लांबडे वडे तळणाऱ्या बाया, आणि या सगळ्यावर ती गॅसची ज्योत, भरदुपारीसुद्धा. मी रिफायनऱ्या पुष्कळ पाहिल्या. गावाच्या एवढी अंगाशी आलेली पाहिली नव्हती. आई गाडीच्या दारात बसून ज्योतीकडे बघत राहिली. म्हणाली, "बरोबर माझ्या डोळ्याच्या खिडकीत बसते बघा, अजिबात कापली जात नाही." एक बाई वडे घेऊन आली. आईने तिला मराठीत विचारलं की आत काय घातलंय, तिने मलायमध्ये सांगितलं, आणि दोघींचं छान जमलं.

तुझ्यासाठी कडबोळ्यांचा डबा होता. मला त्याला हात लावायची मनाई होती.

आता जेवायला बसतो. बाकीचं उद्या.

बुधवार, ३१ जुलै

उद्या म्हटलं आणि तीन दिवस गेले. रविवारी जिथे थांबलो ती जागा मी मुद्दाम निवडली होती. तुला प्रश्न पडला असेल, की हे गावात आले, डबा घेऊन आले, मग मला भेटले का नाहीत. तेच लिहायचंय आणि तेच लिहवत नाही.

गुरुवारी, म्हणजे ६ जूनला सकाळी मी तुझ्या ऑफिसात फोन करून निरोप ठेवला होता. तुझे आईवडील शनिवारी येतायत, भाड्याच्या कॅम्परव्हॅनने. तुझ्याशी बोलायला मिळेल का असं मी म्हटलं नाही आणि रोस्नाहबाईंनीही विचारलं नाही. संध्याकाळी माझा पेजर वाजला. घरी फोन केला तर मी उचलेन म्हणून तू पेजर निवडलास, हे मला समजतं. तू ऑपरेटरला एकेक अक्षर सांगितलं असशील, तिने टाइप केलं असेल. पट्टीवर एवढंच आलं, इंग्रजी अक्षरांत.

पर्वा नाही. मंदार.

मी ते असं वाचलं. मी एवढंच वाचलं. आईवडील येतायत, मला पर्वा नाही.

मी बाल्कनीत उभा होतो. आई आत कडबोळी तळत होती, घाण्यातलं नीट दिसत नाही म्हणून ऋताला शेजारी उभं करून. मला तिला सांगता आलं नाही. तुला फोन करावा असं एकदाही मनात आलं नाही, हे खरं सांगतो. राग आला. दोन वर्षं तू घरी आला नव्हतास, आणि त्या दोन वर्षांचं उत्तर आज तीन शब्दांत आलं असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगाच नाही. माझ्या मनात खुपत होतं म्हणूनच मला तसं दिसलं.

काय खुपत होतं ते तुला माहीत आहे, पण माझ्या हाताने एकदा लिहिलेलं असू दे. चौऱ्याण्णव साली तुझ्या जहाजाचा फीड पंप जॅम झाला, जहाज नऊ तास अंधारात तरंगत राहिलं. तू चौथा इंजिनिअर आणि मी कंपनीचा सुपरिंटेंडंट. चौकशी माझ्याकडे आली. दुसऱ्या कोणाकडे द्या म्हणायला हवं होतं, पण मला वाटलं, आपल्या मुलाला झुकतं माप देत नाही हे लोकांना दिसू दे. मी लॉगबुक वाचलं, दोन जणांचे जबाब घेतले आणि लिहिलं, देखभालीत चौथ्या इंजिनिअरचा हलगर्जीपणा. तुझा जबाब घेतला नाही. तू घरी येऊन एकच वाक्य बोललास, "बाबा, निदान विचारायचं तरी होतं." मग बॅग भरलीस.

आणि हे तुला माहीत नाही. आठ महिन्यांनी आणखी दोन जहाजांवर तसेच पंप जॅम झाले. बेअरिंगचा सगळा लॉटच खराब होता. तुझी काही चूक नव्हती. मी फाइलमध्ये दुरुस्तीचा कागद जोडला, सही केली, तारीख घातली. कंपनीला कळवलं. तुला कळवलं नाही. रोज उद्या कळवू म्हणायचो. बाप म्हणून माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं, आणि शिकायला लाज वाटत होती.

तर असा माणूस शनिवारी तुझ्या गावात शिरला. आई सारखी विचारत होती, "त्याचं घर कुठलं? कोणाला विचारता का?" मी तिला गाडीत झोपायला सांगितलं आणि कंपनीच्या गेटपर्यंत चालत गेलो. पहारेकऱ्याने विचारलं, कोणाला भेटायचंय. मी म्हटलं, पेट्रोलपंप कुठे आहे? पंप त्याच्यामागेच दिसत होता. त्याने बोट दाखवलं, मी आभार मानून परत आलो.

आईला सांगितलं, मंदार समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर गेलाय. तिला खरं वाटलं, कारण दर थोड्या वेळाने डोक्यावरून हेलिकॉप्टर जात होतं. ती विचारायची, "ह्यात असेल का?" आवाजाच्या दिशेने मान वर करायची, पण तिच्या त्या लहान खिडकीत हेलिकॉप्टर सापडायचं नाही. दोनदा तिने नुसत्याच आवाजाला हात केला. मग म्हणाली, "उद्या परवा येणार असेल तर थांबू या की. घर पाठीवरच आहे." मी म्हटलं, पंधरा दिवसांनी येतो, मी विचारलं गेटवर. एक खोटं टिकवायला दुसरं लागतं. रविवारी सकाळी सातलाच मी गाडी सुरू केली.

तिथून आम्ही आत, केन्यिरच्या तळ्याकडे गेलो. धरणात बुडालेल्या जंगलातली मेलेली झाडं पाण्यातून उभीच्या उभी वर आलेली आहेत, शेकड्यांनी. मला तिथे थांबवेना. नकाशात एक लाकूडतोड्यांचा रस्ता दिसला, म्हटलं आतून जाऊ, जंगलही बघून होईल. आई म्हणाली, मोठ्या रस्त्याने चला. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दुपारी पाऊस आला, लाल चिखल झाला, आणि कोहचं घर मागच्या चाकांनी अर्ध्यापर्यंत रुतलं.

दोन दिवस आम्ही तिथे होतो. रविवार दुपार ते मंगळवार दुपार. फांद्या घातल्या, जॅक लावला, जॅकच चिखलात गेला. चौतीस वर्षं इंजिनरूममध्ये लोकांना हुकूम देणारा माणूस गुडघाभर चिखलात बसून पायाच्या जळवा काढत होता. रस्त्यावर हत्तीची लीद होती, म्हणून आईला खाली उतरू देत नव्हतो. ती मात्र खुशीत होती. दारात बसून ऐकत राहायची. कुठलेतरी मोठे पक्षी वरून जायचे, त्यांच्या पंखांचा घरघर आवाज मला आधी इंजिनाचा वाटला. ती म्हणाली, "या रानात तुम्हालाही माझ्याएवढंच दिसतं. दहा पावलांपलीकडे सगळी पानंच." इतकी मोकळी मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

सोमवारी संध्याकाळी खायचं संपलं. तुझा डबा काढला. ती आधी नको म्हणाली, मग म्हणाली, "पंधरा दिवसांनी येणार असेल तर तोपर्यंत मऊच पडतील." आम्ही तुझी कडबोळी खाल्ली. तिच्यासमोर मला ती गिळावी लागली, मंदार. मंगळवारी ओंडक्यांचा ट्रक आला, त्यांनी तारदोर बांधून आम्हाला ओढून काढलं. गुरुवारी आम्ही घरी.

तो मेसेज मी पेजरमध्ये जपून ठेवला होता. पुसला नाही. पुरावा म्हणून.

पंधरा जुलैला पेजरची बॅटरी संपली. ऋताने नवीन घातली आणि नेहमीसारखं बापाचं टपाल वाचत बसली. तिने विचारलं, "बाबा, दादा तुम्हाला कुठे नको म्हणाला?" मी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, "धिस वन लाह. परवा नाही. डे आफ्टर टुमॉरो कॅनॉट." मी तिला सांगायला लागलो की बाळा, मराठीत पर्वा असा एक शब्द आहे, रफाराचा, त्याचा अर्थ फिकीर. ती म्हणाली, "आय डोन्ट नो दॅट वर्ड. वी ओन्ली यूज परवा फॉर डे, वॉट."

तिला तो शब्दच माहीत नाही. घरात तिच्या कानावर परवा पडतो तो फक्त दिवसाचा. ज्या मराठीला मी रोज नावं ठेवतो, त्या मराठीत तिने तुझा निरोप बरोबर वाचला. आणि मी, लहानपणी तुला शुद्धलेखन घालणारा, मी चुकीचा वाचला. देवनागरीत असता तर रफार नाही हे दिसलं असतं. गुरुवारी आलेला निरोप. गुरुवारचा परवा म्हणजे शनिवार. परवा नाही. परवा नको, मी नाही. बाकीचं आम्ही फोन करून विचारू असं तुला वाटलं असणार. कोणीही विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रोस्नाहबाईंना फोन केला. त्यांनी सगळं सांगितलं, बिचाऱ्यांना वाटलं मला माहीतच आहे. तू शुक्रवारी खरंच प्लॅटफॉर्मवर गेला होतास. आईला मी जे खोटं सांगितलं होतं ते खरं होतं. फक्त पंधरा दिवस नव्हते. रविवारी दुपारी तू परत आलास. पंपावरच्या माणसाने तुला सांगितलं की पांढऱ्या घरगाडीतून एक म्हातारा इंडियन आणि काळा चष्मा घातलेली बाई आली होती. तू सोमवार-मंगळवार रजा टाकलीस, कोणाचीतरी मोटारसायकल घेतलीस आणि पाकापासून दुंगुनपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने पांढरी गाडी विचारत फिरलास. आम्ही किनाऱ्यावर नव्हतोच. आम्ही चिखलात होतो.

काळा चष्मा का, हा प्रश्न घेऊन तू दोन दिवस फिरला असशील. आणि मग तुला काय वाटलं असेल, ते मी आता रोज वाचतो. परवा नाही म्हणून कळवलं होतं, तरी हा माणूस नेमका परवाच आला, मी नाही हे बघून गेला. तुझ्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

जूनअखेर तुझं कंत्राट संपलं आणि तू बिंतुलू किंवा लाबुआनकडे कुठल्यातरी बार्जवर गेलास, नक्की कुठे ते त्यांना माहीत नाही. त्या म्हणाल्या, पत्र पाठवा, मी ड्रॉवरमध्ये ठेवीन, कधी फोन आला तर सांगेन. मी बिंतुलूला चार ठिकाणी फोन केले. लाबुआनला केले. मंदार नावाचा माणूस कुठल्या बार्जवर आहे हे कोणी सांगत नाही, आणि का सांगावं? शैलेंद्रची आई म्हणाली, तोही जहाजावर आहे, दसऱ्यापर्यंत. एका ड्रॉवरच्या भरवशावर मी तीन प्रती लिहितोय. हे सगळं वरातीमागून घोडं आहे, मला कळतं.

मग आईला सांगितलं. रविवारी पहिला भाग लिहून जेवायला बसलो तेव्हा. पंपाचंही सांगितलं, बेअरिंगचंही, गेटवर काय विचारलं तेही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाली, "दोनदा. दोनदा तुम्ही त्याला विचारलंच नाहीत." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. डोळ्यांत थेंब घालायच्या वेळी मान मागे करते, थेंब पडले की उठून जाते.

शुक्रवार, २ ऑगस्ट

काल डॉक्टरकडे जाऊन आलो. आता आडपडद्याने लिहीत नाही. डाव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. उजव्यात मधोमध एक गोल उरलाय. जूनमध्ये तिला त्या ज्योतीच्या आजूबाजूचं थोडं आकाशही दिसत होतं, आता तेही नाही. डॉक्टरांनी कागदावर पेन्सिलने गोल काढून दाखवला. म्हणाले, समोर हातभर अंतरावर कोणी बसलं तर त्याचा चेहरा यात मावतो, कान सोडून. मी विचारलं, किती दिवस मावेल? ते म्हणाले, आठवडे म्हणतो, महिने म्हणत नाही. आणखी एक ऑपरेशन करता येईल का विचारलं, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मला काही करता येत नाही, मंदार. बंद पडलेली इंजिनं मी भर समुद्रात सुरू केलीत. इथे मी बाटली तिरकी धरतो, एक थेंब टाकतो, दुसरा टाकतो, आणि पाच मिनिटं घड्याळ बघतो. माझं काम तेवढंच.

रोज सकाळी ती ऋताला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवते आणि बघते. हनुवटी धरून आधी डावीकडे, मग उजवीकडे. ऋता म्हणते, "आई, इनफ लाह, आय लेट ऑलरेडी," पण उठत नाही. आज ऋता गेल्यावरही आई रिकाम्या स्टुलासमोर बसून होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "त्याला दाढी आहे का आता?" मला माहीत नाही. मी माहीत नाही असं सांगितलं.

तू ये. माझ्यासाठी ये म्हणायचा हक्क मी घालवलाय, तो मागत नाही. मी घरात असणं तुला नको असेल तर एका शब्दाने कळव. कोहला विचारून ठेवलंय, त्याच्या गाडीत मी किती दिवस राहिलो तरी तो नाही म्हणणार नाही. तू जाईपर्यंत मी पलीकडे जोहोरला राहीन. फक्त थेंबांच्या वेळा तुला किंवा ऋताला सांभाळाव्या लागतील. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. बाटली फ्रिजच्या दारात आहे.

आतापर्यंत प्रत्येक पत्राखाली 'तुझा' असं लिहीत आलो. आज ते तुला विचारल्याशिवाय लिहीत नाही.

बाबा

पत्र पुरं केलं आणि आईला पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिने खाली जागा मागितली आणि स्वतः लिहिलंय. ओळी एकमेकींवर चढल्यात, तुला लागणार नाहीत, म्हणून तिन्ही प्रतींवर उतरवून देतोय. तिने लिहिलंय ते असं.

चि. मंदार,
बाबा कुठे जात नाहीत. तुम्ही दोघं काय ते माझ्यासमोर भांडा.
दाढी असली तर ठेव, माझ्यासाठी काढू नकोस. आहे तसा बघायचाय.
अजून दिसतंय रे.
आई